पाच दिवस व्यायाम, दोन दिवस सुट्टी : हा हिशेब लिंगाला लागू पडतो का?

प्रश्न चिकोडी भागातल्या एका २७ वर्षांच्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा : साखर कारखान्यात पाळीचं काम. गेले चार महिने रोज रात्री २० मिनिटं हाताने लिंग ओढण्या-पिळण्याचा व्यायाम, ज्याला जेल्किंग म्हणतात, आणि त्यावर १५ मिनिटं ऑनलाइन मागवलेला, हवा ओढून लिंगात रक्त भरणारा पंप. रविवारी सुट्टी. सुरुवातीला ताठ अवस्थेत १२.५ सेंटिमीटर भरत होतं, आता १३.३ भरतं. पण तीन आठवड्यांपासून सकाळी उठताना पूर्वीसारखी ताठरता नसते. पंप काढल्यावर बोंडाखाली लाल ठिपके दिसतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बारीक ठणका राहतो. विचारणं असं, की पाच दिवस करून दोन दिवस सुट्टी घेऊ की दिवसाआड करू? आणि महिनाभर पूर्ण थांबलो तर मिळवलेलं सगळं जाईल का? मे महिन्यात लग्न आहे.

आधी माझ्याबद्दल एक वाक्य. मी बेळगावात बावीस वर्षं मूत्ररोगांची प्रॅक्टिस करतो. हा प्रश्न घेऊन येणारा माणूस निम्म्या वेळा आधी मुतखड्याचं काहीतरी विचारतो, चप्पल घालून दारापर्यंत जातो आणि तिथून परत वळून म्हणतो, "डॉक्टर, अजून एक होतं की." त्यामुळे तुम्ही थेट आकड्यांसकट लिहिलंत हे बरं केलंत.

तुम्ही सुट्टीचं वेळापत्रक विचारलंय. पण प्रश्नात खरं तर तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. हा अवयव दंडासारखा कमवता येतो का? दुखावलेला भाग भरून आला हे ओळखायचं कशावरून? आणि जे ०.८ सेंटिमीटर वाढलं म्हणता, ते नक्की काय आहे? सुट्टीचं उत्तर या तिघांच्या पोटातून येतं, म्हणून थोडा धीर धरा.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, हेही ध्यानात असू द्या. तुम्हाला मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तंबाखू-सिगारेट किती, पूर्वी कधी तिथं मार बसलाय का, यावर माझा सल्ला बदलेल. आमच्याकडे निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूचं विचारलं की लोक हसतात, "डॉक्टर, आमचं गावच त्यावर चालतंय." चालू दे, पण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात आणि धुराचा त्रास आधी त्यांनाच होतो. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि बधिरपणामुळे दुखापत झालेली कळतही नाही. हे काही नसेल असं धरून पुढचं लिहितो.

माझं लहानपण तालमीशेजारच्या गल्लीत गेलं. वस्ताद पोरांना सांगायचे, जोर-बैठका मारून अंग मोडून आलं की समजायचं अंग भरतंय, खुराक घे आणि झोप. स्नायूसाठी हे खरंच आहे. ताण बसला, तंतू किंचित दुखावले, विश्रांतीत ते आधीपेक्षा जाड झाले. जिममधलं 'पाच दिवस काम, दोन दिवस आराम' याच्यातूनच आलंय. तुम्ही आता तेच वेळापत्रक जसंच्या तसं उचलू बघताय. पण लिंगाच्या दांड्यात दंडासारखा स्नायूच नाही. जे स्नायू लिंगासाठी काम करतात ते मुळाशी, बैठकीच्या जागी आत असतात. दांड्यात असतात दोन स्पंजासारख्या नळ्या, त्यांच्या आतलं मऊ अनैच्छिक स्नायूंचं आणि रक्ताच्या पोकळ्यांचं जाळं, आणि बाहेरून त्यांना आवळून धरणारी एक चिवट पिशवी. तिला ट्युनिका अल्बुजिनिया म्हणतात. लांबी-रुंदीची हद्द ही पिशवी ठरवते. लिंग सैल असताना ती साधारण २ मिलिमीटर जाड असते, ताठ झाल्यावर ताणली जाऊन अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ होते. म्हणजे तुम्ही अर्धवट ताठ अवस्थेत जोर लावता तेव्हा पिशवी आधीच पातळ झालेली असते, आणि त्यावर तुम्ही चिमटा देता.

ही पिशवी मुख्यतः कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या धाग्यांची. आतला थर गोलाकार, बाहेरचा लांबीच्या दिशेने. आमच्या बेळगावातल्या वडगावात किंवा शहापुरात ज्यांनी माग बघितलाय त्यांना हे पटकन कळतं, उभे धागे आणि आडवे धागे. मला याची सगळ्यात चांगली समजूत एका विणकरानेच करून दिली. वय पंचेचाळीसच्या आसपास, लिंगाला डावीकडे वाक आलेला, वरच्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढी कडक जागा हाताला लागत होती. त्याने दोन वर्षांपूर्वी असेच ओढण्याचे व्यायाम केले होते, दुखायचं तरी थांबला नव्हता. त्याच्या वाकाचं कारण तेच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण हा आजार काहीही न करणाऱ्यांनाही होतो. पण वारंवार होणारी बारीक दुखापत हे त्याचं मान्य कारण आहे. मी कागदावर चित्र काढून समजावत होतो, तर तो मध्येच म्हणाला, "म्हणजे तार तुटली, सांधा मारला, आणि सांध्याची गाठ राहिली. मग कापड तिथं ओढून धरतंय." मी पेन खाली ठेवला. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. तुटलेला धागा शरीर मूळच्यासारखा विणत नाही, घाईने गाठ मारतं. गाठ ताणत नाही. बाकीचं कापड ताणतं तेव्हा ते गाठीच्या बाजूला वाकतं. याला पेरोनीचा आजार म्हणतात. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या शस्त्रवैद्याने, ल पेरोनीने, १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्याचंच नाव पडलं.

आता भरपाईचं वेळापत्रक बघू, कारण सुट्टीचा प्रश्न इथं येतो. कुठलीही ऊती दुखावली की पहिले तीन-चार दिवस सुजेचे. मग दोन-तीन आठवडे नवे कच्चे धागे घातले जातात. त्यानंतर महिनोन्‌महिने ते धागे ओढीच्या दिशेने लागतात, पक्के होतात. तीन आठवड्यांच्या जखमेच्या वणाला मूळ ताकदीच्या पाचव्या भागाइतकीच ताकद असते, आणि पूर्ण पिकल्यावरही ती सुमारे ८० टक्क्यांपुढे जात नाही. हे झालं खऱ्या जखमेचं. तुमच्या रोजच्या ओढण्यात कदाचित धागे तुटत नसतील, नुसते ताणत असतील. तिथेही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हीसुद्धा कोलॅजनचीच. तिच्यावरच्या संशोधनाचा एक आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जोराच्या व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास कोलॅजन मोडण्याचा वेग घडण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, घडण्याची बाजू त्यानंतर वर येते. म्हणजे रोज रात्री साडेअकराला त्याच जागी जोर लावला, तर दर वेळी तुम्ही मोडणीच्या काळातच पुन्हा हात घालता. रविवारची एक सुट्टी त्याला पुरी पडत नाही.

लिंगाची पिशवी म्हणजे कंडरा नव्हे. त्यामुळे ४८ तास किंवा ७२ तास हा आकडा मी देवळातल्या अंगाऱ्यासारखा कपाळाला लावत नाही. जोराचा ताण दिला तर मध्ये किमान दोन पूर्ण दिवस हवेत, इतकाच अर्थ मी त्यातून काढतो. पण तुमच्या बाबतीत तेवढंही आता चालणार नाही. का, ते सांगतो.

तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही मध्येच, जाता जाता लिहिलंय : सकाळची ताठरता कमी झाली.

सैल लिंगातलं रक्त ऑक्सिजनच्या बाबतीत गरीब असतं, जवळजवळ शिरेतल्या रक्तासारखं. ताठ झाल्यावर धमनीतलं ताजं रक्त भरतं आणि ऑक्सिजन दोन-तीन पटींनी वाढतो. निरोगी तरुणाला रात्रीत तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते, प्रत्येक वेळी वीस मिनिटं, अर्धा तास, कधी जास्तही. त्यात स्वप्नाचा किंवा मनातल्या विचाराचा काही हात नसतो. शरीर आपली देखभाल करत असतं. आतल्या मऊ स्नायूला ऑक्सिजन मिळाला की तो मऊ राहतो, नाही मिळाला तर हळूहळू त्याची जागा कोलॅजन घेतं. तुमचा रोजचा २० मिनिटांचा उद्योग आणि शरीराचा रात्रीचा दीड-दोन तासांचा उद्योग, यात कोण कोणाची भरपाई करतंय ते बघा. म्हणून मी विश्रांती दिवसांत मोजत नाही, पहाटेत मोजतो. पहाट परत आली की भाग भरून आला.

इथं तुमच्या पाळीचा मुद्दा येतो. गळीत हंगामात तुमची पाळी दर आठवड्याला बदलते आणि रात्री उरकून झोपायला बारा वाजतात, पाचला उठावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. या रात्रीच्या ताठरता ज्या झोपेत येतात ती स्वप्नांची झोप पहाटेच्या बाजूला जास्त असते. पाचला गजर लावून तुम्ही रात्रीचा तोच तुकडा कापून टाकता. म्हणजे तुमची सकाळची ताठरता कमी होण्याचं कारण व्यायाम असू शकतो, झोप असू शकते, लग्नाची काळजी असू शकते, किंवा तिन्ही. मी पैज लावायची झाली तर व्यायाम आणि झोप मिळून, असं म्हणेन. पण पैज ती पैज. ठरवायचा उपाय एकच आहे, व्यायाम बंद करून झोप भरून काढायची आणि बघायचं.

लाल ठिपके म्हणजे चामडीतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या फुटल्याची खूण. पंपातली ओढ जास्त झाली. स्वस्तातल्या पंपाला दाबाचा काटा नसतो, जास्त ओढ झाली तर आपोआप हवा सोडणारी झडप नसते, माणूस डोळ्यांनी बघून ओढत राहतो. ठिपके स्वतः तीन-चार दिवसांत जातात, त्यांचं भय नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहणारा ठणका मला जास्त खटकतो. गोड दुखणं, अंग मोडून येणं, हे तालमीतलं. लिंगात गोड दुखणं असा प्रकार नाही.

आता तुमच्या ०.८ सेंटिमीटरकडे. माप कधी घेता? 'व्यायाम झाल्यावर लगेच, तेव्हा चांगलं भरतं,' हे तुमचंच वाक्य. तेव्हा भरणारच. पंपाने चामडीखाली पाणी ओढलेलं असतं, ऊती सुजलेल्या असतात, रबर ओढून सोडल्यावर जसं क्षणभर लांब राहतं तशी पिशवीही काही तास ताणलेली राहते. शिवाय पट्टी रोज त्याच जागी टेकते का? एकाने मला चार महिन्यांची वही आणून दाखवली होती, शिंप्याच्या टेपने घेतलेली मापं, तारखेसह, निळ्या पेनने. समोर बसून त्याने टेप कशी लावतो ते दाखवलं. सुरुवातीच्या पानांवर टेप चामडीवर अलगद, शेवटच्या पानांवर ओटीपोटाच्या हाडापर्यंत दाबून. वाढलेले दीड सेंटिमीटर त्याच्या पोटाच्या चरबीतून आले होते. बिचाऱ्याने फसवलं नव्हतं कोणाला, हात आपोआप दाबत गेला.

माप घ्यायचंच असेल तर कडक पट्टी वरच्या बाजूने हाडाला टेकवून, सकाळी, व्यायामाच्या आधी, तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि सरासरी काढा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक मी माझ्या हाताने घेतलेल्या मापातही धरत नाही. आणि हे माप चार आठवडे पूर्ण थांबल्यानंतरचं हवं. तेव्हा जे उरेल ते तुमचं. तुम्ही विचारता, महिनाभर थांबलो तर मिळवलेलं जाईल का. जे जाईल ती सूज होती. ऊती खरोखर लांबल्या असतील तर त्या महिन्याभरात आखडत नाहीत. थांबायला घाबरणारा माणूस बहुतेक वेळा सूज जपत असतो, हे मी तोंडावर सांगतो आणि लोकांना राग येतो. तुम्हालाही आला असेल.

ओघात आलंय म्हणून एक आकडा. २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या १५,५२१ पुरुषांपर्यंतची, आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली मापं एकत्र करून सरासरी काढली गेली. ताठ अवस्थेत लांबी १३.१२ सेंटिमीटर, घेर ११.६६. तुमचं १२.५ हे सुरुवातीचं माप या सरासरीला खेटून आहे. शस्त्रक्रियेचा विचारसुद्धा आम्ही ताठ किंवा ताणलेली लांबी ७.५ सेंटिमीटरच्या आत असेल तरच करतो. उभं राहून मान खाली घालून बघितलं की स्वतःचं नेहमी आखूडच दिसतं, आणि दुसऱ्याचं बाजूने दिसतं. हे सगळं सांगून भीती जात नाही हेही मला माहीत आहे. वीर्याच्या, धातूच्या काळजीने खंगणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांचं वर्णन डॉक्टर विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' म्हणून केलं. साठ-पासष्ट वर्षांत मोबाइल आला, काळजीचा विषय धातूवरून पट्टीवर सरकला, माणूस तोच आहे.

प्रकारागणिक विश्रांती वेगळी का, ते थोडक्यात. हाताने ओढण्या-पिळण्याने लांबी वाढते याला भरवशाचा पुरावा नाही, दुखापती मात्र मी बघतो. म्हणून त्याचं वेळापत्रक मी कोणालाच बनवून देत नाही. वजन टांगणं तर विचारूच नका. पंपाची गोष्ट वेगळी. ताठरतेच्या तक्रारीसाठी तो चांगला आहे, मी स्वतः लिहून देतो. लांबीसाठी म्हणाल तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३७ पुरुषांनी सहा महिने, आठवड्यातून तीनदा, दर वेळी २० मिनिटं पंप वापरला. सरासरी ७.६ वरून ७.९ सेंटिमीटरवर गेली, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही. त्यांनीसुद्धा रोज नव्हे, आठवड्यातून तीनदाच वापरला, हे तुम्ही लक्षात घ्या. पंपासोबत मुळाशी रक्त अडवून धरणारी रिंग लावत असाल तर ३० मिनिटांच्या वर कधीच नाही, आणि ती लावून झोपायचं नाही.

लांबीचा थोडाफार पुरावा आहे तो ट्रॅक्शनचा, म्हणजे सळ्यांच्या चौकटीत लिंग अडकवून हलका सततचा ताण देणाऱ्या साधनाचा. २००९ च्या एका छोट्या अभ्यासात दिवसाला किमान चार तास, सहा महिने असं वापरून ताणलेल्या लांबीत सरासरी १.७ सेंटिमीटर वाढ मिळाली. घेरात काही नाही. पेरोनीच्या रुग्णांना आम्ही हेच साधन देतो. इथं विश्रांतीचा अर्थच बदलतो. ताण इतका कमी असतो की तुटण्याचा प्रश्न कमी, पण बोंडाकडे रक्त जाणं अडू शकतं. म्हणून मी दर तासा-दीड तासाने काढायला लावतो, बोंडाचा रंग आणि ऊब परत आल्याशिवाय पुन्हा लावायचं नाही, झोपेत कधीच नाही. चार तास म्हणजे कारखान्याची अर्धी पाळी, तेही सहा महिने. बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात कंटाळतात आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.

तर तुमच्यासाठी. पाच-दोन नाही आणि दिवसाआडही नाही. आजपासून चार आठवडे सगळं बंद. 'हलकं हलकं करतो' हेही बंद, रोज माप घेणंही बंद. पंप डब्यात घालून अशा ठिकाणी ठेवा की काढायला स्टूल लागेल. वेदना नसेल तर हस्तमैथुनाला आडकाठी नाही, पण जोरजबरदस्तीने पकडून नाही आणि 'येतंय का बघू' म्हणून रोज परीक्षा घेण्यासाठी तर नाहीच. मोहरीचं, एरंडाचं तेल लावून मालिश नको, मालिश म्हणता म्हणता पुन्हा ओढणंच सुरू होतं. कोमट पाण्याचा शेक घ्यायचा तर घ्या, कढत नको, ताणलेली चामडी बधिर असू शकते आणि भाजलेलं कळत नाही. दुखणं दाबायची गोळी खाऊन व्यायाम चालू ठेवायचा, हा उद्योग एका पैलवानाने केला होता. दुखणं हाच त्याचा पंच होता, त्यालाच त्याने आखाड्याबाहेर काढलं.

झोप सात तास. रात्रपाळीच्या आठवड्यात ती दिवसा का होईना, पण एकसलग घ्या, खिडकीला जाड चादर लावून. तंबाखू असेल तर निदान हे चार आठवडे सोडा. मेडिकलमधून ताठरतेची गोळी स्वतःहून आणू नका. घरात कोणाची तरी छातीत दुखण्याची जिभेखाली ठेवायची गोळी असते, आणि एकाच माणसाने दोन्ही घेतल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जातो, हे दुकानदार सांगत नाही. पुणे-बेंगळुरू हायवेकडेला तंबू टाकून बसलेल्यांची जडीबुटी तर बघायलाही थांबू नका.

सकाळी उठल्यावर कॅलेंडरवर एक खूण करायची. ताठरता चांगली असली तर पूर्ण टिंब, अर्धवट असली तर पोकळ, नसली तर काही नाही. घरच्यांनी विचारलं तर दुधाचा हिशेब म्हणा. पहिल्या आठवड्यात फार काही दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टिंबं वाढायला लागली, ठणका गेला, तर ऊती भरून येतायत. चौथ्या आठवड्याअखेर आठवड्यातून चार-पाच सकाळी पूर्ण टिंब असेल तर मी तुम्हाला बरा झालेला समजेन. त्यानंतर पुन्हा सुरू करायचं का, हे तेव्हा ठरवा. माझं मत विचाराल तर नको. पण केलंतच तर पंप फक्त दाबाचा काटा असलेला, आठवड्यातून तीनदा, मध्ये किमान दोन रात्री सोडून, हाताने पिळणं कायमचं बंद. आणि पूर्ण टिंबाऐवजी दोन दिवस सलग पोकळ टिंब किंवा कोरी जागा आली तर त्या आठवड्याची उरलेली सत्रं रद्द. तीनदाचा हिशेब दोन रात्रींच्या सुट्टीत पूर्ण बसत नाही, हे तुम्ही मोजून काढाल. मग एखाद्या आठवड्यात दोनदाच होऊ द्या.

काही खुणांना चार आठवडे थांबायचं नाही. चामडीखाली सुतळीसारखी कडक शीर हाताला लागली तर ती बहुधा वरवरची, गोठलेली शीर किंवा लसिकावाहिनी, म्हणजे अंगातला पातळ द्रव वाहून नेणारी बारीक नळी असते. जोराच्या हाताळणीनंतर दिसते, विश्रांतीने चार ते आठ आठवड्यांत विरघळते, पण एकदा दाखवून घ्या, कारण हाताला तुम्हाला शीर आणि गाठ यातला फरक कळणार नाही. बोंडाला बधिरपणा, नवा वाक, ताठ झाल्यावर दुखणं, यासाठी आठवड्याभरात डॉक्टर गाठा. आणि ताठ असताना 'कट्' असा आवाज होऊन लिंग एकदम सैल पडलं, काळंनिळं सुजलं, किंवा ताठरता चार तासांहून जास्त उतरत नाही, किंवा लघवीच्या जागेतून रक्त आलं, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात. चिकोडीहून बेळगाव किंवा कोल्हापूर, जे जवळ पडेल ते. लाजेने सकाळची वाट बघणारे मी बघितलेत, त्या वाट बघण्यात उपचाराची चांगली वेळ निघून जाऊ शकते.

लग्न मे महिन्यात म्हणता, म्हणजे चार आठवड्यांची सुट्टी आरामात बसते. ती संपल्यावर लिहायचं असेल तर पूर्ण टिंबं किती झाली ते आधी लिहा, पट्टीचा आकडा खाली लिहिला तरी चालेल. वाक जाणवलाच तर ताठ अवस्थेत वरून एक आणि बाजूने एक असे फोटो काढून स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. इथं किंवा कुणालाही पाठवू नका, तपासणीला दाखवा. टेबलावर झोपवून वाक दिसत नाही, आणि तोंडी 'थोडा वाकडा' म्हणजे किती, यावर माझे आणि रुग्णांचे नेहमीच वाद होतात.